तबकडीतील अमर स्वर : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

शिल्पकार जातो, पण त्याने घडविलेली मूर्ती मागे उरते. कवी जातो, त्याचा ग्रंथ उरतो. राजाने बांधलेला तलाव त्याच्या पश्चात शेकडो वर्षे लोकांची तहान भागवतो. गवयाच्या कलेला मात्र हे भाग्य नव्हते. स्वर कंठातून निघतो, क्षणभर हवेत थरथरतो आणि लोपतो. तानसेनाची कीर्ती आपण ऐकतो; परंतु तानसेन कसा गात असे, हे सांगू शकणारा कोणी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तबकडी भारतात आली आणि गवयाच्या नशिबातील ही उणीव प्रथमच दूर झाली. या नव्या साधनाने ज्यांचा आवाज खऱ्या अर्थाने अमर केला, त्यांत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे स्थान फार वरचे आहे. ते आपल्या शेजारच्या मिरजेचे रहिवासी. आपल्या सदलग्याची दूधगंगा कृष्णेला मिळते, आणि त्याच कृष्णाकाठच्या मुलखात या थोर स्वरसाधकाने आपल्या आयुष्याची पुष्कळ वर्षे घालविली.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. या गावाला किराना असेही म्हणतात आणि त्यावरूनच त्यांच्या गायकीला किराना घराणे हे नाव पडले. त्यांच्या कुळात गाणेबजावणे पिढ्यान्पिढ्या चालत आलेले होते. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून त्यांना लहानपणापासून तालीम मिळाली. गळ्याबरोबर हातालाही वळण लागले. सारंगी आणि बीन ही वाद्ये त्यांना अवगत झाली. पुढे त्यांच्या गाण्यात स्वराचा जो अखंड, तारेसारखा ताणलेला धागा दिसतो, त्याचे मूळ या वाद्यांच्या अभ्यासात आहे, असे जाणकार मानतात. सारंगीचा गज जसा न तुटता स्वरावर फिरतो, तसाच त्यांचा कंठ फिरत असे.

तरुणपणी बंधू अब्दुल हक यांच्यासह ते गावोगावच्या संस्थानांत गात हिंडले आणि बडोद्यास आले. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या दरबारात त्यांना आश्रय मिळाला. तेथील सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांना ते गाणे शिकवू लागले. पुढे या दोघांनी विवाह करण्याचे ठरविले. धर्म वेगळा, दर्जा वेगळा. त्या काळच्या समाजाला हे रुचणे शक्य नव्हते. दोघांना बडोदे सोडावे लागले. दरबारची नोकरी गेली, मान गेला, ठिकाणा गेला. मुंबईमार्गे हे दांपत्य दक्षिणेकडे आले आणि अखेर मिरजेत स्थिरावले.

मिरज हे गाव गाणाऱ्याला मानवणारे होते. तेथे ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे आणि तंबोरे-सतारी घडविणारी कारागीर घराणीही आहेत. त्या वर्षांत प्लेगच्या साथीने सारा मुलूख पोळून निघत होता. खाँसाहेबही आजारी पडले; तेव्हा त्यांनी दर्ग्यात जाऊन गायनसेवा केली आणि त्यांना आराम पडला, अशी हकीकत मिरजेत आजही श्रद्धेने सांगितली जाते. तेव्हापासून या दर्ग्याशी त्यांचे जे नाते जडले, ते अखेरपर्यंत टिकले.

मिरजेच्या तंबोऱ्याविषयी येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण तंबोऱ्यावाचून खाँसाहेबांचे गाणे समजत नाही. मोठा भोपळा वाळवून, कोरून, त्याला लाकडी दांडी जोडतात. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा पृष्ठभाग अत्यंत कुशलतेने घासून किंचित उतरता करतात; तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून नेमकी जागा शोधतात. याला जवारी लावणे म्हणतात. जवारी साधली की एकाच तारेतून अनेक स्वर गुंजारव करू लागतात. खाँसाहेबांना या कामाची फार जाण होती आणि वाद्यांची दुरुस्ती ते स्वतःही करीत. तंबोरा मनासारखा लागल्यावाचून ते गात नसत. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या कारागिरीचा सरकारदरबारी गौरव झाला. पण त्या वाद्याची थोरवी खाँसाहेबांच्या कानाने शतकापूर्वीच ओळखली होती.

आता ध्वनिमुद्रणाकडे वळू. १९०२ साली इंग्लंडच्या ग्रामोफोन कंपनीचे लोक कलकत्त्यास आले आणि त्यांनी गोहरजान आदी कलावंतांची गाणी टिपून घेतली. पुढे तीन वर्षांनी, १९०५ साली, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्याही तबकड्या निघाल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस होते. त्याच वर्षी मिरजेत त्यांच्या कन्येचा, म्हणजे पुढे हिराबाई बडोदेकर म्हणून विख्यात झालेल्या गायिकेचा, जन्म झाला.

त्या काळी विजेवर चालणारा ध्वनिग्राहक नव्हता. गवयाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालूनच जणू गायचे. आवाजाच्या धक्क्याने कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा हाले, त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या चकतीवर नागमोडी रेघ कोरी. ती चकती बोटीने जर्मनीतील हॅनोव्हर शहरी जाई. तिच्यावरून धातूचा साचा होई आणि साच्यातून तबकड्या छापल्या जात. कलकत्त्याजवळ सियालदह येथे कारखाना निघाला तो १९०८ साली. तबकडी ज्या द्रव्याची करीत, त्यात मुख्य अंश लाखेचा असे, आणि ती लाख बहुतांशी भारतातील जंगलांतून जाई. म्हणजे येथील झाडावरची लाख विलायतेला जायची आणि येथल्याच गवयाचा आवाज पोटात घेऊन परत यायची!

कित्येक मोठे गवई या यंत्राजवळ फिरकत नसत. गाण्याने आवाज कमी होईल, घराण्याची विद्या चव्हाट्यावर येईल, पानाच्या दुकानात आपले गाणे वाजेल, अशा नाना शंका होत्या. त्या सर्वच खुळ्या होत्या असे म्हणता येणार नाही. तासभर रंगणारा ख्याल दोन-तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे वटवृक्ष कुंडीत लावण्यासारखेच आहे. खाँसाहेबांनी हे धाडस केले. त्या पहिल्या तबकड्यांतील गाणे चपळ, तानांनी भरलेले असे आहे. तरुण गवई आपली तयारी दाखवीत आहे, हे ऐकताक्षणी कळते. मात्र ज्या गाण्यासाठी जग त्यांना ओळखते, ते गाणे अद्याप यायचे होते.

मधली सुमारे तीस वर्षे हीच खाँसाहेबांच्या जीवनातील खरी घडण होय. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालयाची स्थापना केली. घराण्याची विद्या घराबाहेर द्यावयाची नाही अशी उस्तादांची रीत असताना, त्यांनी जातधर्म न पाहता मुलांना जवळ केले. अनेक विद्यार्थी त्यांच्याच घरी राहात, जेवत आणि पहाटे तंबोरा घेऊन बसत. विद्यालयाचा खर्च जलशांतून भागवावा लागे. पुढे हे कार्य त्यांनी मिरजेस आणले.

त्याच काळात संगीतशास्त्राच्या एका मोठ्या प्रश्नात त्यांच्या कंठाचा उपयोग झाला. एका सप्तकात बावीस श्रुती असतात असे आपले प्राचीन ग्रंथ सांगतात. पण त्या प्रत्यक्ष किती उंचीवर असतात? कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या प्रयोगांत खाँसाहेब गात आणि देवल तारेची लांबी मोजून स्वराचे स्थान निश्चित करीत. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशांनी देवलांच्या साहाय्याने श्रुतींची खास पेटी करविली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. वाद राहिला बाजूला. पण शास्त्रज्ञाने मोजमापासाठी निवडावा असा कंठ त्यांचा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मिरजेहून आगगाडी निघाली की ती रायबाग, घटप्रभा, बेळगाव करीत धारवाड-हुबळीला जाते. हा मार्ग खाँसाहेबांच्या पायाखालचा होता. म्हैसूरच्या दरबारात त्यांना वारंवार बोलावणे येई आणि त्या दरबाराने त्यांना संगीतरत्न ही पदवी दिली. जातायेता ते हुबळी-धारवाडकडे मुक्काम करीत. कुंदगोळ येथील रामभाऊ नावाचा कानडी मुलुखातील तरुण त्यांच्याकडे शिकू लागला. रामभाऊंचा आवाज गुरूंसारखा पातळ आणि टोकदार नव्हता. जड होता, लवकर वळत नसे. खाँसाहेबांनी त्याला वर्षानुवर्षे स्वराची मेहनत करावयास लावली. हाच तरुण पुढे मराठी रंगभूमीवर गाजला आणि सवाई गंधर्व झाला.

म्हैसूर आणि मद्रासच्या वाऱ्यांत खाँसाहेबांनी दक्षिणेचे संगीत आदराने ऐकले. उत्तरेचे पुष्कळसे गवई दक्षिणेच्या पद्धतीकडे ढुंकूनही पाहात नसत, आणि दक्षिणेकडचे उत्तरेच्या. खाँसाहेबांनी तेथील सरगम आपल्या ख्यालात मुरविली, आभोगीसारखा दक्षिणेचा राग आपलासा केला आणि त्यागराजांची कृतीही अभ्यासिली.

कीर्ती वाढत असता घरात मात्र दुःख आले. ताराबाई आणि खाँसाहेब यांचे पटेनासे झाले आणि ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी आईकडची नावे लावली : सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कृष्णराव माने, कमलाबाई आणि सरस्वती. ज्याने परक्यांच्या मुलांना पोटाशी धरून शिकविले, त्याच्या स्वतःच्या मुलांना पुढली तालीम मुख्यतः नात्यातील अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून घ्यावी लागली. या वियोगाविषयी खाँसाहेबांच्या मनात काय होते, याचा तर्क करण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु त्यांच्या उत्तरवयातील स्वरांत जी आर्तता आहे, ती ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडते, हे मात्र कोणीही सांगेल.

ते उत्तरवयातील स्वर आपल्यापर्यंत पोहोचले ते दुसऱ्या वेळच्या ध्वनिमुद्रणामुळे. १९३४ ते १९३६ या काळात मुंबईत त्यांच्या तबकड्या निघाल्या. आता वय साठीच्या पलीकडे गेले होते. कर्ण्याची जागा विजेच्या ध्वनिग्राहकाने घेतली होती. त्यामुळे कुजबुजीइतका हलका स्वरही टिपला जाऊ लागला. तबकडी एका मिनिटात अठ्ठ्याहत्तर फेरे घेई आणि एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे गाणे मावे. एवढ्या अल्प अवकाशात खाँसाहेबांनी काय करून ठेवले ते पाहा. बसंत आहे, मालकंस आहे, ललित आहे, मारवा आहे. झिंझोटी आणि भैरवीतील ठुमऱ्या आहेत. मराठी नाट्यपदे आहेत. आणि खरहरप्रिया रागातील त्यागराजांची कृतीही आहे. हिंदी, मराठी, तेलुगू या साऱ्या भाषा त्या एका कंठाने लीलया पेलल्या आहेत. त्यांच्या तबकड्या ऐकताना आरंभापासूनच तंबोऱ्याची दाट वीण जाणवते, आणि तिच्यातून त्यांचा स्वर असा हळुवार उमलतो की तो नेमका केव्हा सुरू झाला हेच कळू नये. १९०५ मधील घाई येथे उरलेली नाही. वेळ तितकाच तोकडा आहे, पण गाणारा निवांत आहे. तीन मिनिटांत सारे सांगून टाकण्याची धडपड त्याने सोडली आहे. दोन-चार स्वर घेऊन तो त्यांवर मनसोक्त विसावतो, आणि आश्चर्य असे की त्यातूनच सारा राग उभा राहतो.

या तबकड्या मग चहाच्या दुकानांत, वाड्यांत, जत्रांच्या तंबूंत वाजू लागल्या. दरबारात ज्यांना पाऊल टाकता आले नसते, जलशाचे तिकीट ज्यांना परवडले नसते, त्या लोकांच्या कानी खाँसाहेबांचा स्वर पडू लागला. गदगकडील एका शाळामास्तरांच्या मुलाने लहानपणी एका दुकानात त्यांची झिंझोटीतील ठुमरी ऐकली आणि तो असा वेडावला, की गुरूच्या शोधार्थ घर सोडून निघाला, ही कथा महाराष्ट्र-कर्नाटकात सर्वांच्या ओठी आहे. उत्तरेकडे पुष्कळ भटकून अखेर तो कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारी आला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले. हुबळीच्या गंगूबाई हनगल यांनीही सवाई गंधर्वांकडेच विद्या घेतली. याच गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ सालापासून संगीत महोत्सव होत आला आहे.

गोव्यातील केरी गावच्या केसरबाईंचे उदाहरणही सांगण्यासारखे आहे. लहानपणी त्या कोल्हापुरास आल्या, तेव्हा काही महिने खाँसाहेबांपाशी शिकल्या होत्या. पुढे अल्लादिया खाँसाहेबांच्या कडक तालमीत त्यांचे गाणे घडले, हे खरे. पण त्यांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात धाडली गेली, हे वाचून कोणाला कौतुक वाटणार नाही? गवयाचा स्वर हवेत विरून जातो असे आरंभी म्हटले. आता तो हवेच्याही पलीकडे गेला.

तबकडीने जे केले ते केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. आयर्लंड या छोट्या देशात सारंगीच्या जातीचे फिडल नावाचे वाद्य खेडोपाडी वाजवितात. तेथील स्लायगो परगण्यातला मायकेल कोलमन हा वादक पोटासाठी १९१४ साली अमेरिकेस गेला. न्यूयॉर्क शहरात १९२१ पासून त्याच्या लोकनृत्याच्या गतींच्या तबकड्या निघाल्या. तो मायदेशी परतला नाही. पण त्याच्या तबकड्या बोटीने परतल्या. शेतकरी घरी चावी फिरवून त्या लावीत आणि बोटे बसवून त्या गती उतरवून घेत. त्यातून लोप पावू पाहणाऱ्या वादनाला उभारी आली. मात्र त्याचबरोबर जो तो कोलमनसारखेच वाजवू लागला आणि गावोगावच्या निराळ्या ढंगांना ओहोटी लागली, अशी खंतही तेथील जाणत्यांनी व्यक्त केली.

हा धोका आपल्याकडेही होता. खाँसाहेबांच्या आवाजाची नुसती नक्कल करणारे पुष्कळ निघाले आणि विसरलेही गेले. टिकले ते कोण? सवाई गंधर्वांनी गुरूचा आवाज उचलला नाही, स्वरावरील निष्ठा उचलली. भीमसेनांनी तबकडीतून ओढ घेतली आणि विद्येसाठी गुरूच्या घरी पाणी भरले. तबकडी दार उघडते. आत जाऊन मेहनत ज्याची त्यालाच करावी लागते. आज तर खिशातल्या यंत्रावर बोट ठेवताच खाँसाहेबांचा बसंत ऐकू येतो. सोय वाढली आहे, म्हणून जबाबदारीही वाढली आहे.

खाँसाहेबांचा अंत त्यांच्या जीवनाला शोभेल असाच झाला. १९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासकडे गेले होते. तेथून पाँडिचेरीस श्रीअरविंदांच्या आश्रमाकडे निघाले असता गाडीत त्यांच्या छातीत कळ येऊ लागली. चेंगलपट्टूजवळच्या सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. त्यांनी तंबोरा जुळवावयास सांगितला, नमाज अदा केली आणि दरबारी कानड्याच्या स्वरांत ईश्वराची आळवणी करीत देह ठेवला, असे सांगतात. तो दिवस २७ ऑक्टोबरचा. पासष्टी पूर्ण व्हावयास पंधरवडाच उरला होता. त्यांचा देह मिरजेस आणला गेला आणि ज्या दर्ग्यात ते गायनसेवा करीत, त्याच्याच आश्रयाला त्यांना चिरविश्रांती मिळाली. दरवर्षी उरुसात तेथे त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. ही हजेरी हिंदूही लावतात, मुसलमानही. मराठीही आणि कानडीही.

मित्रहो, आपण भाषांच्या सीमेवर राहणारी माणसे. घरी एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी, हा आपला नित्याचा अनुभव. कधी कधी या सीमेचा आपल्याला त्रासही होतो. अशा वेळी उत्तरेत जन्मलेल्या, मराठी मुलुखात घर केलेल्या, कानडी शिष्य घडविणाऱ्या, तेलुगू कृती गाणाऱ्या आणि तमिळ भूमीत देह ठेवणाऱ्या या थोर पुरुषाचे स्मरण करावे. त्याने कोणतीही सीमा पुसली नाही. स्वर खरा असला की तो सीमेपाशी अडत नाही, एवढेच त्याने दाखवून दिले.

आणखी एक गोष्ट मनाशी धरावी. त्या तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांत संपते. परंतु त्या सव्वातीन मिनिटांपाठी पन्नास वर्षांची तपश्चर्या उभी आहे. परीक्षेचे तीन तास असोत, शर्यतीची काही पळे असोत वा सभेतील दोन शब्द असोत, जगाला दिसते ते एवढेच. त्यापाठी उभी असलेली साधना ज्याची त्यालाच ठाऊक असते. ती साधना आपल्या सर्वांच्या हातून घडो.